‘कुठेही न शिकता’ म्हणजे नेमकं कुठे?

मागच्या पोळ्याला दिग्रसला घरी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पेंटरकाका राहतात. साठी उलटलेली. गावातल्या कितीतरी जुन्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत. ट्रॉलीवरची कमळं, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा, विहारातला बुद्ध, निवडणुकीत ज्याचे पैसे आले त्याची निशाणी, सगळं त्यांनी रंगवलंय. फ्लेक्स आल्यापासून काम तुटलं. पण आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात. ते बैल रंगवून घ्यायला काकांच्या ओट्यावर अजून गर्दी होते.

मी तिथं बसून त्यांचा व्हिडिओ काढला. बैलाचा डोळा काढताना त्यांचा हात कुठंच थांबला नाही. काळी रेघ, आत पांढरा ठिपका, की बैल तुमच्याकडे बघायला लागतो. रील टाकलं आणि खाली लिहिलं, ‘कुठेही न शिकता! फक्त देवाची देणगी! अस्सल कलाकार!’ रात्रीतून भरपूर लाइक आले. दुसऱ्या दिवशी कौतुकानं दाखवायला गेलो. काकांनी चष्मा लावला, व्हिडिओ पाहिला, मग कॅप्शन वाचलं.

“तुले कोनं सांगतलं, मी शिकलो नाई म्हनून?”

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मळका शर्ट, ओट्यावरचं दुकान आणि रंगाचे डबे बघून मी ते ठरवून टाकलं होतं.

०

मग काकांनी सांगितलं ते असं. शाळा सुटल्यावर ते पुसदच्या एका पेंटरकडे राहिले. चार वर्षं. पहिलं वर्षभर ब्रश रॉकेलमध्ये धुणं, शिडी धरणं, भिंत घासणं. अक्षराला हात लावायची मुभा नव्हती. दुसऱ्या वर्षी दोऱ्याला खडूची भुकटी लावून, दोन टोकं ताणून, मधून उचलून सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचं. ‘क’चा पोटाचा गोल आणि ‘व’चा गोल सारखा दिसला पाहिजे. ‘श्री’ला जागा जास्त लागते, म्हणून आधी पूर्ण नाव मोजायचं, मग खडू टेकवायचा. फोटोवरून चेहरा मोठा करायचा तर फोटोवर चौकटी पाडायच्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. उस्ताद काही समजावून सांगत नसे. चूक झाली की ओल्या फडक्यानं पुसून टाके आणि निघून जाई. काय चुकलं ते आपण शोधायचं.

तिथं गुरू होता, क्रम होता, परीक्षा होती, आणि फी अंगमेहनतीनं चुकती होत होती. फक्त शेवटी हातात कागद मिळाला नाही. त्या चार वर्षांना मी ‘कुठेही न शिकता’ म्हटलं होतं. वर ‘देवाची देणगी’ म्हणून उस्तादाचं श्रेय देवाला देऊन मोकळा झालो होतो.

आपल्याकडे चित्रकला ‘शिकणं’ म्हणजे काय, ते आपण शाळेतच शिकतो. शासकीय रेखाकला परीक्षा, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. पास झालात की दहावीला वाढीव गुण. पुढं आर्ट टीचर डिप्लोमा, किंवा नागपूरचं चित्रकला महाविद्यालय, किंवा सगळ्यात वर मुंबईचं जे. जे., १८५७ सालचं. या शिडीच्या बाहेर जो शिकला तो आपल्या हिशेबात शिकलेलाच नसतो. मग त्याचं काम चांगलं निघालं की आपल्याला आश्चर्य वाटतं आणि त्या आश्चर्याला आपण कौतुक समजतो. माझ्या कॅप्शनमध्ये एक शब्द न लिहिता हजर होता: ‘तरीही’. शिकले नाहीत, तरीही किती छान. या ‘तरीही’शी माझं भांडण आहे.

०

हा शब्द फक्त आपला नाही. अमेरिकेत तर त्याला धरून कलेचं एक अख्खं दालन उभं आहे. कलाशाळेत न गेलेल्या चित्रकारांना तिथं आजवर बरीच नावं मिळाली. कधी ‘लोककलावंत’, कधी ‘आदिम’, कधी ‘भाबडे’. १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या अभ्यासकाच्या पुस्तकानं ‘आउटसायडर’ हे नाव रूढ केलं. आता ‘सेल्फ-टॉट’, म्हणजे स्वयंशिक्षित, हा शब्द जास्त सभ्य मानतात. ही सगळी नावं तो माणूस कुठे उभा आहे ते सांगतात. चित्रात काय आहे, ते एकही नाव सांगत नाही. आणि ‘बाहेरचा’ म्हणजे कुणाच्या दाराबाहेरचा? हे अंतर नेहमी म्युझियमच्या दारापासून मोजलं जातं.

यातला एक माणूस आपल्याला, कापसाच्या गावच्या लोकांना, लांबचा वाटू नये. बिल ट्रेलर. जन्म १८५३ च्या सुमाराचा, अलाबामात बेंटन गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर, गुलाम म्हणून. ट्रेलर हे आडनावही मालकाचंच. त्याच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं. तो आठेक वर्षांचा असताना अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांनी मोर्चा आपल्या वऱ्हाडी कापसाकडे वळवला. आपल्याकडे ज्या कापसाला तेव्हा ‘पांढरं सोनं’ म्हणावं असा भाव आला, त्याच्या दुसऱ्या टोकाला हा पोरगा होता.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, शेतातली राबणूक संपली नाही. म्हातारपणी तो माँटगोमेरी शहरात आला. पंच्याऐंशीच्या आसपास वय असताना, १९३९ ते १९४२ या काळात, रस्त्याच्या कडेला बसून त्यानं टाकाऊ पुठ्ठ्यांवर हजाराहून जास्त चित्रं काढली. कुत्री, खेचरं, दारू पिणारे, एकमेकांमागे धावणारी माणसं. चार्ल्स शॅनन नावाच्या तरुण गोऱ्या चित्रकारानं त्याला रंग आणून दिले, चित्रं जपून ठेवली. कोरे चांगले पुठ्ठेही आणून दिले, पण म्हाताऱ्याला डाग पडलेला, कडा फाटलेला पुठ्ठाच आवडायचा. त्या डागाभोवती, त्या कडेला धरून तो चित्र मांडायचा. हे भाबडेपण नाही. रचनेची जाण असलेला माणूसच असं निवडतो.

१९४२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याची काही चित्रं नगाला एक-दोन डॉलर या भावानं घ्यायची तयारी दाखवली. शॅननला न विचारताच चेक पाठवला होता, त्यानं तो परत केला. ट्रेलर १९४९ मध्ये गेला. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमनं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. २०२० मध्ये त्याचं एक चित्र लिलावात पाच लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं.

अमेरिकन कलेत त्याला जागा मिळाली, हे खरं. पण ती मिळेपर्यंत तो नव्हता. आणि अजूनही त्याची ओळख करून देताना पहिलं वाक्य चित्राबद्दल क्वचितच असतं. ते जन्माबद्दल असतं. मीही आत्ता तेच केलं, बघा.

०

आपल्याकडे असं कुणी आत गेलं का? गेलं. कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. पोरगा घरातून पळून मुंबईत आला. साहेबाच्या घरी नोकर झाला, पुढं मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. चित्रं काढतच होता. १९४२ मध्ये मुंबईतल्या चेतना रेस्टॉरंटमध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन लागलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा सूझा, रझा, हुसेन, बाकरे आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे यांच्या बरोबरीनं सहावा माणूस आरा होता.

या सहांतले हुसेनही सिनेमाची होर्डिंग रंगवून वर आलेले. म्हणजे आमच्या काकांच्याच धंद्यातले. पण हुसेनबद्दल बोलताना होर्डिंग ही गमतीची आठवण असते, आणि आराबद्दल बोलताना ‘मोटार धुणारा’ हे जणू आडनाव असतं. मी स्वतः आराबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मोटारी लक्षात राहिल्या. त्याची फुलांची चित्रं बघायला पुढं किती वर्षं गेली. त्यानं फुलदाणीसारखी घरातली साधी वस्तू घेऊन ती कागदभर मोठी केली, जलरंगही तैलरंगासारखा दाट वापरला. हे बोलण्यासारखं आहे. मोटारींचं काय, त्या तर कुणीही धुतं.

इथं कुणी म्हणेल, मग आयुष्य सांगायचंच नाही का? ट्रेलरच्या चित्रातली धावाधाव गुलामगिरी माहीत नसेल तर कशी कळेल? मान्य. आयुष्य सांगावं. पण मग सगळ्यांचं सांगावं. जे. जे.त गेलेल्याच्या बापाकडे फी भरायला पैसे कुठून आले, त्याला मुंबईत राहायला खोली कुणी दिली, हेही त्याच्या चित्राशेजारी लिहावं. एकाची परिस्थिती गोष्ट म्हणून सांगायची आणि दुसऱ्याची परिस्थिती हवेसारखी न दिसणारी ठेवायची, हा पक्षपात आहे.

०

‘स्वयंशिक्षित’ या शब्दात आणखी एक घोळ आहे. तो ‘स्वयं’ कोण?

जिव्या सोमा म्हसे आपल्याला माहीत असतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथं कागद आणि रंग घेऊन पोहोचले, आणि भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आली. १९७६ मध्ये जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा अधिकार वादातीत आहे. मासेमारीचं जाळं त्यांनी ज्या बारीक रेघांनी कागदभर पसरवलंय, ते आधी भिंतीवर कुणी तसं केलं नव्हतं.

पण त्या आधी भिंतीवर काढत कोण होतं? बाया. लग्नाच्या घरी सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं देवचौक काढायच्या, पालघट देवी मांडायच्या, धवलेऱ्या गाणी म्हणायच्या. लग्न झालं की काही दिवसांनी चित्र पुसट व्हायचं, पुढच्या लग्नाला पुन्हा नवं. ती बघत बघतच जिव्या मोठे झाले. म्हणजे शाळा होती, आणि तिथल्या मास्तरणींची संख्या मोजता येणार नाही एवढी होती. कागद आला, बाजार आला, आणि नाव पुढं आलं ते बहुतेक पुरुषांचं. यात जिव्यांचा दोष नाही. पण ‘स्वयंशिक्षित’ म्हणून एका माणसावर आपण प्रकाशझोत टाकतो, तेव्हा त्याला शिकवणारे अंधारात जातात.

हे लिहिताना मला आमच्या आसपासचे तांडे आठवतात. दिग्रस, पुसद, मानोरा हा बंजाऱ्यांचा पट्टा. फेटिया-कांचळीवरचं आरसे आणि कवड्यांचं भरतकाम म्हाताऱ्या याडींच्या अंगावर मी लहानपणापासून बघतोय. एका कांचळीला महिनोन्‌महिने लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा वारशाचं संग्रहालय उघडलं, चांगलं झालं. पण बाजारात ‘ट्रायबल’ म्हणून ज्या बॅगा विकल्या जातात, त्यांच्यावर कापून लावलेला तो जुना फेटिया कुणी शिवला होता, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आपण त्याला ‘परंपरा’ म्हणतो. परंपरा म्हटलं की नाव लिहावं लागत नाही, आणि नाव नसलं की पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्नही उरत नाही.

अलाबामात, ट्रेलरच्या मुलखापासून फार दूर नाही, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या, डेनिमच्या पँटींच्या गोधड्या शिवायच्या. बऱ्याच जणींचं आडनाव पेटवे, तेही जुन्या मळ्याच्या मालकाचं. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या, लोक आधुनिक चित्रांशी त्यांची तुलना करायला लागले. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही बायकांनी, आपल्या कामाच्या पैशात आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून, कोर्टात दावे लावले. संग्राहकानं आरोप नाकारले, पुढच्या वर्षी दावे तडजोडीनं मिटले. खरंखोटं काहीही असो, मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिकिटावर छापून आल्यावरही त्या बायकांनी ‘आपलं भाग्य’ म्हणून गप्प बसायचं नाकारलं. आपण कलावंत आहोत हे त्यांनी हिशेब मागून सांगितलं.

माझ्या आजीनंही वाकळी शिवल्या होत्या. धोतराचं पांढरं, लुगड्याचं हिरवं, कडेला लाल पट्टी. परवा आईला विचारलं, एखादी आहे का? एक कूलरवर झाकायला होती, ती सडली. बाकीच्यांचं आठवत नाही म्हणाली. मी काकांच्या व्हिडिओखाली ‘अस्सल’ लिहिणारा माणूस, पण घरातल्या अस्सल गोष्टीचा मी एक फोटोही काढला नव्हता.

०

आता दुसरी बाजू. ‘न शिकलेलाच खरा कलाकार, कॉलेजात गेले की हात बिघडतो’ असं मानणारेही खूप आहेत. हे ऐकायला बंडखोर वाटतं. मला ते तुच्छतेपेक्षा जास्त धोकादायक वाटतं. ज्यांना शाळेचं दार बंद होतं, त्यांच्या वंचिततेलाच आपण गुण ठरवतो. मग ते दार उघडायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तरी आपल्याला हे कळायला हवं.

आपला सगळ्यात जुना स्वयंशिक्षित म्हणजे एकलव्य. त्याला शिकवायला नकार दिला, आणि तो शिकल्यावर फी मात्र मागितली. आपण शाळेत ती गोष्ट गुरुभक्तीची म्हणून वाचली. बाजारही असाच वागतो. शिकवत नाही, सांभाळत नाही, पण काम चांगलं झालं की आपला वाटा मागायला येतो. आणि आपण प्रेक्षक अंगठा गेल्याच्या गोष्टीवर हळहळतो, त्याचं बाण मारणं कसं होतं ते विचारत नाही.

काकांची नात नववीत आहे. एलिमेंटरीत तिला ए ग्रेड आहे, यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. पुढं नागपूरला चित्रकला शिकायचं म्हणते. मी मोठेपणानं म्हणालो, “काका, तुमच्यासारखा गुरू घरात असताना कॉलेज कशाला?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “मले भेटलं नाई, तिले भेटलं पायजे. मी हाताचं शिकवीन. बाकीचं कोन शिकवीन?”

बाकीचं म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणाले, माणसाच्या अंगातली हाडं. त्यांना घोडा काढता येतो, पण मागचा पाय कधीच मनासारखा बसला नाही. चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही कुठं चुकतंय ते. लोक ‘वा काका’ म्हणून जातात.

मी त्यांच्या भिंतीवरच्या शिवाजी महाराजांच्या घोड्याकडे पाहिलं. खरंच, मागचा पाय अवघडलेला होता. मी तो घोडा लहानपणापासून बघतोय, आणि मला तो कधीच दिसला नव्हता. कारण मी चित्र बघतच नव्हतो, मी ‘आपल्या गल्लीतले काका’ बघत होतो.

मला वाटतं, शाळेबाहेर शिकलेल्या कलावंताला आपण द्यायची जागा म्हणजे वेगळं दालन नाही आणि देव्हारा तर नाहीच. जे आपण शिकलेल्याला देतो तेवढंच द्यावं. चित्राखाली नाव आणि साल. कुणाकडे शिकला त्याचा उल्लेख. कामाचे पूर्ण पैसे, वेळेवर. आणि ज्याची सगळ्यात कमी सवय आहे ते, म्हणजे चूक दाखवण्याइतकं लक्ष. ‘देणगी’ म्हटलं की चूक दाखवता येत नाही, कारण देवाच्या कामात चूक कशी काढणार?

मी ते रील काढून टाकलं नाही. कॅप्शन बदललं. आधी काकांना विचारलं, नाव टाकू का? म्हणाले, टाक, पण आधी उस्तादाचं टाक. म्हणून तिथं आता दोन नावं आहेत, आणि खाली ‘शिक्षण: पुसद, चार वर्षं’. या लेखात मात्र ती लिहीत नाही, त्यांची परवानगी रीलपुरती होती.

लाइक पहिल्यापेक्षा वाढले नाहीत. एका कमेंटमध्ये कुणीतरी विचारलंय, ‘घोड्याचा मागचा पाय जरा चुकलाय का?’ काकांना ती वाचून दाखवली.

“कोन हाय हा?” ते म्हणाले. “इचार त्याले, कसा पायजे होता.”